घटक ४ : बर्लिनमधील विद्यार्थिनी – इरावती कर्वे

४.० उद्दिष्टे

विद्यार्थी मित्रहो, या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला
• इरावती कर्वे यांच्या विद्यार्थिदशेचा, विशेषतः १९२८ ते १९३० या बर्लिनमधील काळाचा परिचय करून देता येईल.
• त्या काळी जर्मनीत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याचा दिनक्रम कसा असे, हे सांगता येईल.
• इरावतीबाईंचा प्रबंध आणि त्यातून गुरूशी झालेला मतभेद यांचे महत्त्व स्पष्ट करता येईल.
• व्यक्तीच्या आयुष्यातील एका लहान कालखंडाचा तिच्या पुढील लेखनाशी असलेला संबंध शोधता येईल.

४.१ प्रास्ताविक

चरित्र म्हटले की जन्म, शिक्षण, कार्य, मानसन्मान आणि मृत्यू असा क्रम आपल्या डोळ्यांसमोर येतो. या क्रमात शिक्षणाच्या वाट्याला बहुधा एखादा परिच्छेद येतो. अमुक साली परदेशी प्रयाण, अमुक साली पदवी संपादन, एवढ्यावर चरित्रकार पुढे सरकतो. परंतु परदेशात काढलेली ती दोन-तीन वर्षे त्या व्यक्तीने एकेक दिवस करून जगलेली असतात. त्या दिवसांत थंडी असते, पैशाची ओढाताण असते, परक्या भाषेशी झटापट असते आणि ज्याच्या हाती आपले भवितव्य आहे अशा गुरूशी जुळवून घेण्याचा प्रश्नही असतो. या घटकात आपण अशाच एका परिच्छेदाजवळ थांबणार आहोत.

इरावती कर्वे हे नाव तुम्हाला नवे नाही. महाभारतातील व्यक्तिरेखांचा शोध घेणारा ‘युगान्त’ हा त्यांचा ग्रंथ, तसेच ‘परिपूर्ती’, ‘भोवरा’ आणि ‘गंगाजल’ हे ललित लेखसंग्रह मराठी साहित्याच्या अभ्यासकाला परिचित आहेत. मानवशास्त्राच्या अभ्यासकाला त्या भारतातील नातेव्यवस्थेच्या आणि जातिव्यवस्थेच्या संशोधक म्हणून ठाऊक आहेत. लेखिका आणि संशोधक या दोन्ही ओळखींच्या आधीची एक ओळख मात्र कमी परिचित आहे. ती म्हणजे बर्लिनमधील, नुकतीच विशी ओलांडलेली विद्यार्थिनी.

आरंभी एका शब्दाकडे लक्ष द्या. आपण कुशल विचारताना ‘स्वस्थ’, ‘स्वास्थ्य’ हे शब्द वापरतो. ‘स्वस्थ’ म्हणजे ‘स्व’च्या ठायी स्थित असलेला, आपल्या जागी असलेला. या व्युत्पत्तीचा शब्दशः अर्थ घेतला तर घरापासून हजारो मैल दूर गेलेला विद्यार्थी अस्वस्थच म्हणावा लागेल. तरीही काही माणसे परक्या भूमीत खचत नाहीत, उलट तेथेच त्यांना स्वतःचे पाऊल सापडते. मग त्यांचे ‘स्व’ कोठे स्थित असते? पुढील विवेचन वाचताना हा प्रश्न मनात ठेवा.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ मिंज्यान ते पुणे

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील मिंज्यान या गावी झाला. त्यांचे वडील गणेश हरी करमरकर तेथे नोकरीनिमित्त होते. इरावदी नदीवरून मुलीचे नाव इरावती ठेवण्यात आले. भावंडांत ती एकटीच मुलगी होती. वयाच्या सातव्या वर्षी तिला शिक्षणासाठी पुण्याला पाठवण्यात आले आणि हुजूरपागा शाळेच्या वसतिगृहात तिची सोय झाली. आईवडील ब्रह्मदेशात आणि मुलगी पुण्यात, अशी ही स्थिती होती. घरापासून दूर राहण्याची पहिली शिकवण इरावतीबाईंना बर्लिनच्या कितीतरी आधी, बालवयातच मिळाली होती, हे ध्यानात घ्या.

हुजूरपागेत शकुंतला परांजपे त्यांच्या मैत्रीण झाल्या. शकुंतलाबाईंचे वडील म्हणजे फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य रँग्लर र. पु. परांजपे. या कुटुंबाने इरावतीला आपल्या घरी आणले आणि मुलीप्रमाणे वाढवले. रँग्लर परांजपे कट्टर बुद्धिवादी होते. पुस्तकांनी भरलेले घर, मोकळी चर्चा आणि कोणतेही मत तपासून घेण्याची सवय या वातावरणात इरावतीची जडणघडण झाली. फर्ग्युसनमधून १९२६ मध्ये तत्त्वज्ञान विषयात पदवी मिळवल्यावर दक्षिणा शिष्यवृत्ती घेऊन त्या मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली समाजशास्त्राचा अभ्यास करू लागल्या. ज्या चित्पावन ब्राह्मण समाजात त्या जन्मल्या, त्याच समाजावर प्रबंध लिहून त्यांनी १९२८ मध्ये एम.ए. पदवी संपादन केली. आपल्याच माणसांकडे संशोधकाच्या नजरेने पाहण्याचा हा त्यांचा पहिला प्रयत्न होता.

याच काळात त्यांचा विवाह दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी झाला. दिनकरराव रसायनशास्त्राचे अध्यापक होते आणि त्यांनी स्वतः जर्मनीत राहून डॉक्टरेट मिळवली होती. त्यांचे वडील म्हणजे स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणारे महर्षी धोंडो केशव कर्वे.

४.२.२ बर्लिनला जाण्याचा निर्णय

पत्नीने पुढे शिकावे, तेही जर्मनीत शिकावे, अशी दिनकररावांची इच्छा होती. जर्मन विद्यापीठांची शिस्त आणि तेथील प्रयोगशाळांचा दर्जा त्यांनी अनुभवला होता. मात्र महर्षी कर्वे यांना हा बेत पसंत नव्हता. विधवांसाठी आश्रम काढणारा आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन करणारा हा सुधारक सुनेच्या परदेशी शिक्षणाला अनुकूल नव्हता, ही गोष्ट तुम्हाला विसंगत वाटेल. पण चरित्राच्या अभ्यासकाने अशा विसंगतीला बिचकू नये. सार्वजनिक कार्यातील भूमिका आणि कुटुंबातील निर्णय यांची मापे पुष्कळदा वेगवेगळी असतात. सत्तरी गाठलेले महर्षी स्वतःही १९२९ मध्ये युरोपच्या दौऱ्यावर गेले आणि भारतातील स्त्रीशिक्षणाविषयी तेथील सभांतून बोलले.

प्रश्न पैशाचाही होता. नामवंत डॉक्टर आणि काँग्रेसचे कार्यकर्ते जीवराज मेहता यांनी कर्ज दिले. हेच मेहता पुढे गुजरात राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. १९२८ च्या अखेरीस इरावतीबाई बर्लिनला पोचल्या. कर्जाच्या पैशावर शिकणाऱ्या विद्यार्थ्याला प्रत्येक महिना मोजून काढावा लागतो आणि हात हलवत परत येणे त्याला परवडत नाही. पुढील घटनांचा विचार करताना या परिस्थितीचा विसर पडू देऊ नका.

४.२.३ बर्लिनमधील दिनक्रम

पुणे साधारण साडेअठरा अक्षांशावर आहे, तर बर्लिन साडेबावन्न अक्षांशावर. डिसेंबरच्या मध्यास बर्लिनमध्ये सूर्य सकाळी आठनंतर उगवतो आणि दुपारी चारच्या आतच मावळतो. पुण्याच्या उन्हात वाढलेल्या माणसाला थंडीपेक्षाही हा अंधार अधिक जाणवतो. त्यातच इरावतीबाईंच्या वाट्याला आलेला पहिला हिवाळा असाधारण होता. फेब्रुवारी १९२९ हा जर्मनीतील विसाव्या शतकातल्या अतिशय थंड महिन्यांपैकी एक गणला जातो. त्या महिन्यात बर्लिनचा पारा शून्याखाली पंचवीस अंशांच्या आसपास उतरला होता.

त्या काळी विद्यापीठांची वसतिगृहे थोडी होती. बहुतेक विद्यार्थी एखाद्या कुटुंबात एक खोली भाड्याने घेऊन राहत. मालकीण बहुधा मध्यमवर्गीय, पुष्कळदा विधवा बाई असे. पहिले महायुद्ध आणि १९२३ ची भयंकर चलनवाढ यांत तिची शिल्लक बुडालेली असे आणि खोलीचे भाडे हाच तिचा आधार असे. खोली उबदार ठेवण्यासाठी कोळशाच्या विटांची शेगडी असे. कोळशाला पैसे पडत, म्हणून काटकसरी विद्यार्थी संध्याकाळ खोलीत न काढता ग्रंथालयाच्या ऊबेत काढी. अनेक घरांत न्हाणीघर नव्हते, त्यामुळे आठवड्यातून एकदा सार्वजनिक स्नानगृहात जाण्याची तेथील रीत होती. रोज सकाळी स्नान करणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला ही सवय लावून घेणे जड जाई.

जेवणाचा क्रमही आपल्याहून वेगळा होता. तेथे दुपारचे जेवण गरम असते आणि रात्री पाव, लोणी, चीज असे थंड खाणे असते. बटाटा आणि कोबी हे रोजचे पदार्थ. रात्री गरम भात-आमटीची सवय असलेल्या माणसाला हा फरक लहान वाटत नाही. आजारी पडल्यावर किंवा मन उदास झाल्यावर पहिली आठवण होते ती घरच्या जेवणाची, हे परदेशी राहिलेला कोणीही सांगेल.

इरावतीबाई ज्या संस्थेत काम करीत ती होती कैसर विल्हेल्म मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकी आणि सुप्रजननशास्त्र संस्था. १९२७ मध्ये स्थापन झालेली ही संस्था शहराच्या नैर्ऋत्येस डालेम या उपनगरात होती. डालेममध्ये झाडांनी वेढलेले बंगले, वनस्पतिउद्यान आणि एकापाठोपाठ एक उभ्या राहिलेल्या संशोधनसंस्था होत्या. भुयारी रेल्वेचा मार्ग तेथवर पोचला होता. पदवी मात्र शहराच्या मध्यभागी असलेल्या फ्रीड्रिश विल्हेल्म विद्यापीठाची होती.

जर्मन विद्यापीठाची पद्धत आपल्या पद्धतीहून वेगळी होती. वर्षअखेरची परीक्षा नाही, हजेरीचा तगादा नाही, नेमलेले पाठ्यपुस्तक नाही. प्रत्येक विद्यार्थ्याजवळ एक नोंदवही असे. तीत ऐकलेल्या व्याख्यानांची नोंद होई आणि व्याख्यानांचे शुल्क भरावे लागे. व्याख्यान घोषित वेळेनंतर पंधरा मिनिटांनी सुरू होई आणि ती पंधरा मिनिटे सर्वांना मान्य होती. शेवटी लिखित प्रबंध आणि तोंडी परीक्षा. अशा मोकळिकीत विद्यार्थ्याला दिवस स्वतःच आखावा लागतो. ज्याला हे साधत नाही, त्याचे महिने कसे निघून जातात हे त्याचे त्यालाच कळत नाही. प्रबंध लिहून दोन वर्षांच्या आसपास पदवीपर्यंत पोचलेल्या इरावतीबाईंच्या कामाची गती लक्षात घेतली, तर त्यांनी आपल्या दिवसांना घातलेल्या शिस्तीची कल्पना येते.

४.२.४ भाषा आणि एकटेपणा

इरावतीबाईंचा प्रबंध जर्मन भाषेत आहे. मराठी, संस्कृत आणि इंग्रजी जाणणाऱ्या विद्यार्थिनीने दोन वर्षांच्या आत परक्या भाषेत शास्त्रीय प्रबंध लिहावा, ही सामान्य गोष्ट नव्हे. भाषाविज्ञानाच्या दृष्टीने पाहिले तर मराठी भाषकाला जर्मन काही बाबतींत इंग्रजीपेक्षा जवळची वाटू शकते. मराठीप्रमाणे जर्मनमध्येही तीन लिंगे आहेत आणि ती अर्थावरून नेहमी ओळखता येत नाहीत. मुलगी या अर्थाचा तेथील रूढ शब्द नपुंसकलिंगी आहे. ‘पोरगं’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला यात फार नवल वाटू नये. गौण वाक्यात क्रियापद शेवटी येते. संस्कृत समासांप्रमाणे शब्दाला शब्द जोडून लांबलचक शब्द बनतात. आपण ‘चोवीस’ म्हणताना चार आधी आणि वीस नंतर उच्चारतो, जर्मन माणूसही चार-आणि-वीस असेच म्हणतो. ज्या विद्यार्थिनीचा दिवस मापे घेण्यात आणि आकडे नोंदवण्यात जात होता, तिच्या दृष्टीने हे साम्य अगदीच निरुपयोगी नव्हते.

जर्मनमध्ये संबोधनाचे ‘झी’ आणि ‘डू’ असे दोन प्रकार आहेत. त्यांचा भेद आपल्या ‘तुम्ही’ आणि ‘तू’ यांच्या भेदाजवळचा आहे. फरक असा की, शेजारी राहणारे, एकाच प्रयोगशाळेत काम करणारे लोकही त्या काळी वर्षानुवर्षे ‘झी’च म्हणत. परक्या देशात ‘तू’ म्हणणारे कोणी नसणे हा एकटेपणाचा एक सूक्ष्म प्रकार आहे.

घरच्या ओढीला जर्मन भाषेत ‘हाइमवे’ असा शब्द आहे. ‘हाइम’ म्हणजे घर आणि ‘वे’ म्हणजे वेदना. १६८८ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने या घरवेदनेवरच प्रबंध लिहिला आणि तिच्यासाठी ग्रीक शब्द जोडून ‘नॉस्टॅल्जिया’ हे नाव घडवले. आज आपण ज्या शब्दाने गोड स्मरणरंजन सुचवतो, तो मुळात एका आजाराचे नाव होता. घरापासून दूर असलेल्या माणसाचे खंगणे ही खरी व्याधी आहे, हे एका विद्यार्थ्याने साडेतीनशे वर्षांपूर्वी जर्मनभाषक प्रदेशातच मांडले होते, हे येथे नमूद करण्याजोगे आहे.

बर्लिनमध्ये त्या काळी भारतीय विद्यार्थी होते. राममनोहर लोहिया १९२९ मध्ये तेथे गेले आणि १९३३ पर्यंत राहिले. परंतु उच्च संशोधन करणाऱ्या भारतीय स्त्रिया विरळा होत्या. प्रशियातील विद्यापीठांनी स्त्रियांना पूर्ण प्रवेश दिला तोच मुळी १९०८ मध्ये, म्हणजे इरावतीबाई तेथे पोचण्याच्या जेमतेम वीस वर्षे आधी.

४.२.५ प्रबंध आणि मतभेद

आता आपण या घटकाच्या मुख्य भागाकडे वळू. इरावतीबाईंचे मार्गदर्शक होते संस्थेचे संचालक ऑयगेन फिशर. जर्मनीत मार्गदर्शकाला ‘डॉक्टरफाटर’, म्हणजे डॉक्टरेटपिता म्हणतात. शब्दातच नाते सांगितले आहे. विषय तो देतो, साधने तो देतो, आणि श्रेणीही तोच देतो. आपल्या गुरुशिष्यपरंपरेत वाढलेल्या विद्यार्थ्याला हे नाते सहज समजते आणि म्हणूनच त्याचा भारही अधिक जाणवतो.

फिशर त्या काळातील युरोपातले ख्यातनाम मानवशास्त्रज्ञ होते. जर्मनीच्या ताब्यातील नैर्ऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात, १९०८ मध्ये त्यांनी मिश्र वंशाच्या लोकांचा अभ्यास केला होता. माणसांचे वंश श्रेष्ठ-कनिष्ठ असतात आणि हा भेद शरीरात मोजता येतो, अशी त्यांची धारणा होती.

इरावतीबाईंच्या प्रबंधाचा विषय होता मानवी कवटीची सामान्य असममिती. विषय समजून घ्या. कोणाच्याही चेहऱ्याचे किंवा कवटीचे डावे आणि उजवे अंग तंतोतंत सारखे नसते. हा किंचित फरक रोगामुळे नसतो, तो स्वाभाविक असतो. म्हणून त्याला सामान्य असममिती म्हणायचे. कवटीवरील ठरावीक बिंदू निश्चित करायचे, त्यांच्यातील अंतरे कंपासासारख्या मापकाने दोन्ही बाजूंना मोजायची, आकडे नोंदवायचे आणि फरकांची तुलना करायची, अशी ही पद्धत असते. चरित्रकारांच्या मांडणीनुसार फिशर यांचे गृहीतक असे होते की, गोऱ्या युरोपीय लोकांच्या मेंदूचा पुढचा उजवा भाग अधिक विकसित असल्यामुळे त्यांच्या कवट्यांत ही असममिती अधिक आढळावी, आणि तीच त्यांच्या वरचढ तर्कबुद्धीची खूण ठरावी.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या तपासल्या. बर्लिनमधील अशा संग्रहांविषयी एक गोष्ट तुम्ही जाणून घ्यायला हवी. त्यांतील पुष्कळ कवट्या वसाहतींतून, मृतांच्या आप्तांची संमती न घेता आणलेल्या होत्या. एका पारतंत्र्यातील देशातून आलेली विद्यार्थिनी दुसऱ्या पारतंत्र्यातील देशांच्या मृतांची मापे घेत होती आणि त्यांच्या कनिष्ठतेचा पुरावा तिच्याकडून अपेक्षित होता. हिवाळ्याच्या अल्प उजेडात, दिवसामागून दिवस चालणारे हे काम होते.

निष्कर्ष गृहीतकाच्या विरुद्ध निघाला. असममिती सर्वच मानवसमूहांत आढळते आणि तिचा वंशाशी संबंध दाखवता येत नाही, असे मापांवरून दिसले. आता त्या विद्यार्थिनीच्या जागी स्वतःला कल्पून पाहा. कर्ज डोक्यावर आहे. घरच्या विरोधाला न जुमानता ती आली आहे. पदवी न मिळवता परतणे म्हणजे तो विरोध खरा ठरवणे. आकडे थोडे वेगळ्या रीतीने मांडले, एखादा अपवाद ठळक केला, निष्कर्षाची भाषा संदिग्ध ठेवली, तर गुरू प्रसन्न होण्याची शक्यता आहे. तेथे तिची बाजू घेणारे कोणी नाही. अशा वेळी तिने जे मोजले तेच लिहिले.

त्यासाठी कोणतेही भाषण करावे लागले नाही की बंड पुकारावे लागले नाही. प्रबंधात मापे आणि त्यांवरून निघणारे अनुमान एवढेच मांडले गेले. फिशर यांना हा निष्कर्ष रुचला नाही आणि त्यांनी उत्तीर्णतेची सर्वांत खालची श्रेणी दिली, असे चरित्रकार सांगतात. १९३० मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. श्रेणी खालची, पण पदवी खरी आणि निष्कर्षही खरा.

४.२.६ बदलते शहर

इरावतीबाई बर्लिनमध्ये होत्या ती दोन वर्षे त्या शहराच्या इतिहासात वळणाची ठरली. मे १९२९ मध्ये कामगारांच्या मिरवणुकांवर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात तीसहून अधिक माणसे मारली गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतील आर्थिक कोसळीचा फटका जर्मनीला बसला आणि १९३० च्या आरंभी बेकारांची संख्या तीस लाखांपुढे गेली. सप्टेंबर १९३० च्या निवडणुकीत नाझी पक्षाच्या जागा १२ वरून १०७ झाल्या. ज्यूंविषयीचा द्वेष रस्त्यावर दिसू लागला होता. इरावतीबाई राहत त्या इमारतीतील एका ज्यू विद्यार्थ्याचा खून झाला आणि त्याचे प्रेत त्यांना बाहेरच्या पदपथावर दिसले, असा प्रसंग त्यांच्या चरित्रात नोंदलेला आहे.

हे लक्षात घेतले की कवट्यांच्या त्या प्रबंधाचे मोल वेगळेच दिसू लागते. फिशर १९३३ मध्ये बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्या संस्थेने पुढे नाझी राजवटीच्या वंशधोरणाला शास्त्राचा आधार पुरवला आणि युद्धकाळात आउशवित्झ येथील छळछावणीतून मृतांचे अवशेष या संस्थेत तपासणीसाठी येत. ज्या प्रयोगशाळेत एका विद्यार्थिनीला वंशश्रेष्ठत्वाचा पुरावा सापडला नाही, तेथील इतर अनेकांना तो सापडत राहिला. साधने तीच होती. फरक पडला तो मोजणाऱ्याच्या सचोटीने.

४.२.७ परतल्यानंतर

भारतात आल्यावर इरावतीबाईंनी १९३१ ते १९३६ या काळात महिला विद्यापीठाच्या कुलसचिव म्हणून काम केले. म्हणजे ज्या सासऱ्यांनी परदेशगमनाला विरोध केला, त्यांच्याच संस्थेला त्यांच्या शिक्षणाचा लाभ झाला. १९३९ मध्ये त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये रुजू झाल्या आणि अखेरपर्यंत तेथेच रमल्या. बर्लिनमध्ये शिकलेली मापनपद्धती त्यांनी महाराष्ट्रातील निरनिराळ्या जातीजमातींच्या अभ्यासासाठी वापरली. जातींना शरीरमापांच्या आधारे समजून घेण्याच्या या पद्धतीवर आजचे अभ्यासक आक्षेप घेतात आणि त्या आक्षेपांत तथ्य आहे. गुरूचा निष्कर्ष नाकारणाऱ्या शिष्येने गुरूची हत्यारे मात्र जवळ ठेवली होती. आदर्श व्यक्तीच्या चरित्रातही अशी गुंतागुंत असते आणि ती लपवल्याने आदर वाढत नाही.

तथापि या मापांवरून त्यांनी श्रेष्ठ-कनिष्ठतेची उतरंड रचली नाही. महाराष्ट्रातील कुंभारांच्या निरनिराळ्या गटांची उदाहरणे देऊन त्यांनी असे दाखवले की, एकच व्यवसाय करणारे सर्व लोक एकाच मूळ जातीचे तुकडे असतात असे नाही. वेगळे समूह एका व्यवसायाच्या नावाखाली शेजारी नांदू शकतात. हे मत त्यांचे पहिले गुरू घुर्ये यांच्या मांडणीहून निराळे होते. बर्लिनमध्ये दिसलेली वृत्ती येथे पुन्हा दिसते. गुरूविषयी आदर राखून, पण हाती आलेल्या पुराव्याशी प्रामाणिक राहून मतभेद नोंदवायचा.

मराठीच्या विद्यार्थ्याने हाच धागा त्यांच्या साहित्यातही शोधावा. ‘युगान्त’मध्ये भीष्म, गांधारी, कुंती, कर्ण यांच्याकडे त्या भक्तिभावाने वा द्वेषाने पाहत नाहीत. संहितेत काय आहे ते आधी पाहतात आणि मग माणूस म्हणून त्यांचा विचार करतात. वाचकाच्या लाडक्या समजुतींना धक्का बसला तरी त्या निष्कर्ष सौम्य करीत नाहीत. या ग्रंथाला १९६८ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ‘परिपूर्ती’ या शीर्षकलेखात अमक्याची सून, अमक्याची पत्नी अशा ओळखींच्या साखळीकडे त्या मिस्कीलपणे पाहतात. घरच्या माणसांना थोडे दूर उभे राहून न्याहाळण्याची ही दृष्टी मिंज्यानहून पुण्याला आणि पुण्याहून बर्लिनला गेलेल्या मुलीला फार लवकर मिळाली होती. ११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

४.३ सारांश

मित्रहो, आरंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाकडे आता वळू. परदेशी विद्यार्थ्याचे स्वास्थ्य कशावर अवलंबून असते? ऊब, पोटभर अन्न, आखलेला दिवस, भाषेवरील पकड आणि ‘तू’ म्हणणारे एखादे माणूस यांची गरज असतेच. त्यांची उपेक्षा करणे हा शूरपणा नव्हे. आज जर्मनी, ऑस्ट्रिया किंवा स्वित्झर्लंडमध्ये शिकायला जाणाऱ्या मुलामुलींनाही अंधाराचा हिवाळा आणि घरची ओढ चुकलेली नाही. परंतु इरावतीबाईंच्या उदाहरणावरून आणखी एक गोष्ट दिसते. ज्याच्या हाती आपली पदवी आहे त्याला अप्रिय असलेले सत्य लिहिताना त्यांचे पाऊल डळमळले नाही. घर, भाषा, आप्त यांपैकी जवळ काही नसताना आपल्या कामातील प्रामाणिकपणा ही त्यांना स्वतःची म्हणता येईल अशी जागा होती. ‘स्वस्थ’ या शब्दातील ‘स्व’ तेथे स्थित होते.

चरित्रातील एका ओळीत मावणाऱ्या काळात पुढील आयुष्याची दिशा कशी ठरते, हेही या घटकात आपण पाहिले.

४.४ स्वाध्याय

१. इरावती कर्वे यांच्या बर्लिनमधील दिनक्रमाला कोणकोणत्या परिस्थितीने आकार दिला, ते थोडक्यात लिहा.
२. महर्षी कर्वे यांचा विरोध आणि त्यांचे सार्वजनिक कार्य यांतील विसंगतीचा चरित्रलेखनाच्या दृष्टीने विचार करा.
३. प्रबंधाच्या निष्कर्षामुळे इरावतीबाईंपुढे कोणता पेच उभा राहिला असावा? त्यांच्या निर्णयाविषयी तुमचे मत सकारण मांडा.
४. ‘युगान्त’मधील कोणतेही एक प्रकरण वाचून त्यात पुराव्याला दिलेले महत्त्व सोदाहरण स्पष्ट करा.
५. तुमच्या परिचयातील, शिक्षणासाठी घर सोडून दूर राहिलेल्या एखाद्या व्यक्तीशी बोला. तिचा दिनक्रम, जेवण, भाषा आणि एकटेपणा यांविषयी माहिती घेऊन दोन पृष्ठांचे चरित्रात्मक टिपण तयार करा.